चोथा फेकण्यापूर्वी

विद्यार्थिमित्रांनो, आरंभी एक अगदी घरगुती प्रश्न विचारतो. साबण लावून घासलेला सदरा तुम्हाला खंगाळायचा आहे आणि हाताशी पाणी आहे एकच बादली. सारे पाणी टपात ओतून सदरा त्यात एकदाच बुचकळून काढाल, की त्याच पाण्याचे तीन भाग करून, दर खेपेस सदरा घट्ट पिळून, तीनदा खंगाळाल? ज्यांच्या घरी उन्हाळ्यात हापशीवरून पाणी आणावे लागते, त्यांना याचे उत्तर कोणी शिकवावे लागत नाही. पाणी तेवढेच लागते. पण तीनदा खंगाळलेल्या सदऱ्यात साबण कमी राहतो.

आता दुसरा प्रश्न. घरी ठाऊक असलेले हे उत्तर प्रयोगशाळेत शिरताच आपण का विसरतो? वनस्पतीचा अर्क काढताना आपण मोजपात्रभर स्पिरिट एकदम ओततो, गाळतो, बाटलीतला रंग पाहून खूश होतो आणि चोथा केरात टाकतो. माझे म्हणणे असे आहे, की चोथा केरात टाकण्यापूर्वी त्यात काय राहिले हे पाहण्याची सवय शाळांनी मुलांना लावावयास हवी. आणि ज्या तालुक्यांना रानाने भरभरून दिले आहे, तेथील शाळांनी तर ती सर्वांच्या आधी लावावयास हवी. असे का म्हणतो, ते सांगतो.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला झरी जामणी तालुका आहे. खाली पैनगंगा आणि तिच्या पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. गोंड आणि कोलाम वस्तीचा हा मुलूख. कोलामांच्या वस्तीला इकडे पोड म्हणतात. फाल्गुनाच्या सुमारास येथील रानात पळस फुलतो, पाठोपाठ मोहाची फुले टपटपू लागतात आणि ऐन उन्हाळ्यात तेंदूपाने तोडण्यासाठी माणसे पहाटेच घराबाहेर पडतात.

काही वर्षांपूर्वी या तालुक्यातील एका शाळेत मी विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून गेलो होतो. नववीच्या दोन मुलांनी पळसाच्या फुलांचा स्पिरिटमध्ये अर्क काढून मांडला होता. बाटल्यांत सुरेख केशरी रंग होता. टेबलाखाली वर्तमानपत्रावर चोथा पडला होता. मी त्यातला चिमूटभर उचलून पेल्यातल्या पाण्यात टाकला. पाच-सात मिनिटांत पाणी पिवळे झाले.

“सर, एवढा रंग राहिला?” एका मुलाने विचारले.

“स्पिरिट कसे ओतले होते?”

“दीडशे मिलिलिटर लागतं असं लिहिलं होतं, म्हणून तेवढं एकदमच ओतलं.”

मागे उभी असलेली एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, एकाच पाण्यात कपड्याचा साबन निघते का जी?”

सगळे हसले. मीही हसलो. पण त्या दिवशी प्रदर्शनात ऐकलेले सर्वांत शास्त्रीय वाक्य तेच होते. माझ्या हातातल्या गुणपत्रिकेत मांडणी, तक्ते, निवेदन आणि उपयुक्तता यांचे रकाने होते. ‘काय राहिले ते पाहिले का?’ असा रकाना नव्हता. त्या मुलीला गुण देण्याची सोय नव्हती. पहिले बक्षीस मी एका चकचकीत प्रतिकृतीला दिले. ते चुकले असे आजही वाटते.

त्या मुलीचे वाक्य आकड्यांत मांडून पाहू या. गणित पाचवीच्या अपूर्णांकांचे आहे, घाबरू नका.

समजा, अर्क गाळून झाल्यावर ओल्या चोथ्यात ५० मिलिलिटर रंगीत द्रावण अडकून राहिले. धुण्यासाठी आपल्याजवळ १५० मिलिलिटर ताजे स्पिरिट आहे. ते सारे एकदम ओतले तर एकूण द्रव झाला २०० मिलिलिटर. नीट ढवळल्यावर रंग त्यात सारखा पसरेल. गाळले की १५० मिलिलिटर बाहेर येईल आणि ५० मिलिलिटर पुन्हा चोथ्यात राहील. म्हणजे अडकलेल्या रंगाचा १/४ भाग, शेकडा २५, चोथ्यातच राहिला.

आता त्याच स्पिरिटचे ५० मिलिलिटरचे तीन भाग करू. पहिल्या धुण्यात ५० मध्ये ५० मिसळले. निम्मा रंग बाहेर गेला, निम्मा राहिला. दुसऱ्या धुण्यात निम्म्याचा निम्मा. तिसऱ्यात त्याचाही निम्मा. राहिला १/८, म्हणजे शेकडा साडेबारा. खर्च एका थेंबाने वाढला नाही, पण वाया जाणारा रंग निम्म्यावर आला.

मग तीनच भाग का, सहा का नकोत? करून पाहा. २५ मिलिलिटरचे सहा भाग केले तर दर धुण्यानंतर २/३ रंग राहतो. सहा वेळा २/३ ने गुणले की उत्तर येते ६४/७२९, म्हणजे शेकडा ९ च्या आसपास. भाग आणखी लहान करीत गेलात, अगदी थेंबाथेंबाने ढवळत धुतले, तरी या हिशेबाने शेकडा सुमारे ५ च्या खाली जाता येत नाही. एकावरून तीनवर गेलो तेव्हा साडेबारा टक्के वाचले. तीनवरून सहावर गेलो तेव्हा जेमतेम पावणेचार. श्रम दुप्पट, लाभ थोडा. म्हणून ‘जितके जास्त धुवावे तितके चांगले’ हेही खरे नव्हे. तीन-चार वेळा धुतले की मुख्य काम होऊन जाते.

आता खरी गंमत पाहा. धुण्याआधी चोथा फडक्यात घालून आणखी जोराने पिळला आणि अडकलेले द्रावण ५० वरून २५ मिलिलिटरवर आणले तर? ५० मिलिलिटरच्या प्रत्येक धुण्यात आता २५ मध्ये ५० मिसळतील, म्हणून दर खेपेस १/३ च रंग राहील. तीन धुण्यांनंतर राहिला १/२७. शिवाय धुण्यापूर्वीच निम्मा रंग पिळून निघालेला आहे. म्हणजे मूळच्या मानाने राहिला फक्त १/५४, शेकडा दोनहूनही कमी! थेंबाथेंबाने धुऊनही जे साधत नव्हते, ते एका पिळण्याने साधले. आई सदरा पिळताना मनगटाचा जोर का लावते, ते आता आकड्यांत कळले. धुण्याच्या तंत्रात सुधारणा करायची म्हटले की अधिक द्रावक, अधिक शुद्ध द्रावक, अधिक महाग उपकरण असेच विचार आपल्या मनात येतात. पण पहिली सुधारणा पिळण्यात आहे, दुसरी वाटणीत आहे, आणि दोन्ही फुकट आहेत.

हा नियम केवळ चोथ्यापुरता नाही. एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांत एखादा पदार्थ कसा वाटला जातो, याचा अभ्यास बर्थलो आणि युंगफ्लाइश यांनी १८७२ साली केला आणि पुढे १८९१ साली नर्न्स्ट यांनी त्याचा नियम पक्का केला. तेथेही धडा हाच निघतो: तेवढाच द्रावक थोडा थोडा करून अनेकदा वापरला, तर एकदम वापरण्यापेक्षा जास्त पदार्थ निघतो.

पण मित्रांनो, वरच्या हिशेबात मी एक गोष्ट गृहीत धरली आहे आणि ती तुमच्यापासून लपवणे बरोबर नाही. ‘ढवळल्यावर रंग सारखा पसरेल’ असे मी म्हणालो. कपड्यातला साबण बहुतेक धाग्यांच्या पृष्ठभागावर असतो. फुलातला रंग पेशींच्या आत असतो. तो बाहेर यायचा तर रेणूंना पेशीभित्तिकेतून, तुकड्याच्या गाभ्यातून वाट काढत यावे लागते. यालाच विसरण म्हणतात. अॅडॉल्फ फिक यांनी १८५५ साली विसरणाचे जे नियम दिले त्यांवरून असे निघते, की लागणारा वेळ तुकड्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १ मिलिमीटर जाडीच्या तुकड्याला जेवढा वेळ लागतो, त्याच्या सोळापट वेळ ४ मिलिमीटरच्या तुकड्याला लागतो. म्हणून धुण्याचा द्रावक ओतून लगेच गाळला तर गणित फसते. प्रत्येक धुण्याला थोडी उसंत द्यावी लागते.

‘मग सगळे पीठच करून टाकू या,’ असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. पीठ केले की गाळणकागद तुंबतो, कणाकणांमधल्या बारीक फटींत द्रव अडकून बसतो आणि पिळून निघत नाही. अडकलेले द्रावण वाढले की वरचा हिशेब उलटतो. म्हणून भरड बरी. फार जाड नको, मैद्यासारखी नको. शास्त्रात पुष्कळदा उत्तर असे मध्येच सापडते.

आता थोडे स्पिरिटविषयी. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात पान स्पिरिटमध्ये उकळून त्यातले हरितद्रव्य काढता, ते आठवते ना? तेच हे स्पिरिट, म्हणजे मुख्यतः इथेनॉल. इथेनॉलचा रेणू मोठा मनमिळाऊ आहे. त्याचे एक टोक पाण्याशी जमवून घेते, दुसरे तेलकट पदार्थांशी. म्हणून वनस्पतीतले नाना प्रकारचे पदार्थ त्यात उतरतात. हळदीतले कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण इथेनॉलमध्ये सहज विरघळते. उलट डिंक आणि पिष्ट इथेनॉलमध्ये विरघळत नाहीत. यातून धुण्याचा आणखी एक नियम निघतो: ज्या तीव्रतेच्या स्पिरिटने अर्क काढला, त्याच तीव्रतेच्या स्पिरिटने चोथा धुवावा. तीव्र स्पिरिटने अर्क काढून मग नुसत्या पाण्याने धुतले, तर डिंक फुगतो, गाळणी चिकटते आणि नको ते पदार्थ अर्कात येतात.

आणि सावधगिरीचे दोन शब्द, जे मी हसण्यावारी नेऊ देणार नाही. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, पण त्याची वाफ खोलीच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी जमते. ही वाफ हवेच्या सुमारे १.६ पट जड असते. ती टेबलावरून खाली उतरून जमिनीलगत पसरते आणि दूरच्या दिव्यापर्यंत पोहोचते. म्हणून स्पिरिट उघडे असताना जवळपास ज्योत नको. ते तापवायचेच तर शिक्षकांच्या देखरेखीखाली, दिवा विझवून, आधी गरम केलेल्या पाण्यात भांडे ठेवून. दुसरे असे, की डिनेचर्ड स्पिरिटमध्ये बहुधा विषारी मिथेनॉल मिसळलेले असते. ते पोटात गेले तर दृष्टी जाते, जीवही जातो. अशा स्पिरिटमध्ये काढलेला अर्क औषध म्हणून, रंग म्हणून किंवा गंमत म्हणून कधीही पोटात जाता कामा नये.

म्हणूनच तुम्ही करावयाचा प्रयोग मी स्पिरिटवर बेतलेला नाही. पळसफुलांतील काही मुख्य रंगद्रव्यांना साखरेचे रेणू जोडलेले असतात, त्यामुळे ती पाण्यातही चांगली उतरतात. होळीसाठी तुमच्या आजोबा-आजींनी पळसफुले पाण्यातच उकळली असतील. तेव्हा फुले आणि पाणी यांवर भागवू.

सावलीत वाळवलेल्या पळसाच्या पाकळ्या २० ग्रॅम घ्या आणि हाताने चुरडा. कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी सुती फडक्यातून गाळून पिळा. ओल्या चोथ्याचे वजन करा. समजा, ते ७० ग्रॅम भरले, तर चोथ्यात अंदाजे ५० मिलिलिटर द्रावण अडकले आहे. (थोडा भाग विरघळून गेला असणार, म्हणून ‘अंदाजे’ म्हणतो.) चोथ्याचे वजनाने दोन सारखे भाग करा. प्रत्येकात २५ मिलिलिटर द्रावण आले. एकाला ‘क’ म्हणू, दुसऱ्याला ‘ख’.

‘क’ भाग ७५ मिलिलिटर पाण्यात अर्धा तास ठेवा, अधूनमधून ढवळा आणि पिळा. ‘ख’ भाग २५ मिलिलिटर पाण्यात दहा मिनिटे ठेवून पिळा. असे तीनदा करा. पाणी दोघांना सारखे, वेळही दोघांना सारखा. नाहीतर ‘ख’ ला जास्त वेळ मिळाला म्हणून रंग जास्त निघाला, असे कोणी म्हणेल आणि त्याचे म्हणणे खोडता येणार नाही. पिळण्याचा जोरही सारखाच ठेवा. शक्य तर दोन्ही भाग एकाच विद्यार्थ्याने पिळावेत. दर खेपेस वजन करून चोथा पहिल्याइतकाच ओला आहे ना, हेही पाहा.

आता निघालेले रंगीत पाणी शेजारी शेजारी धरून पाहिलेत तर तुमची निराशा होईल. हिशेबाप्रमाणे ‘क’ मधून शेकडा ७५ आणि ‘ख’ मधून शेकडा साडेसत्त्याऐंशी रंग निघाला पाहिजे. एवढा फरक डोळ्यांना चटकन कळत नाही. ‘काय फरक पडतो!’ असे म्हणून येथेच पुष्कळ जण प्रयोग सोडून देतात. तुम्ही सोडू नका. निघाले किती याऐवजी राहिले किती, ते पाहा. ‘क’ मध्ये राहिले शेकडा २५, ‘ख’ मध्ये साडेबारा. म्हणजे बरोबर दुप्पट.

ते पाहायचे असे: दोन्ही चोथे पुन्हा एकेकदा २५ मिलिलिटर ताज्या पाण्यात दहा मिनिटे ठेवा आणि हे शेवटचे धुवण दोन सारख्या परीक्षानळ्यांत घ्या. मागे पांढरा कागद धरा. ‘क’ चा रंग गडद दिसेल. आता ‘क’ च्या धुवणातले ५ मिलिलिटर घेऊन त्यात ५ मिलिलिटर पाणी मिसळा. आपला हिशेब खरा असेल तर या पातळ केलेल्या ‘क’ चा रंग आणि न पातळ केलेल्या ‘ख’ चा रंग जुळला पाहिजे. प्रयोग करण्याआधी भाकीत लिहून ठेवा, मग प्रयोग करा. जुळला तर आनंद आहे. नाही जुळला तर आणखी आनंद आहे. कारण मग पेशींतून अजून रंग येतो आहे का, पिळणे कमी-जास्त झाले का, याचा शोध घेता येईल.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. धुवण बिनरंगी दिसू लागले म्हणजे चोथ्यात काही राहिले नाही, असे समजू नका. डोळ्यांना दिसण्याची एक मर्यादा आहे, आणि वनस्पतीतले पुष्कळ उपयुक्त पदार्थ मुळातच बिनरंगी असतात. रंग हा आपला साक्षीदार आहे, पण सगळ्या गोष्टींचा नव्हे.

आतापर्यंत आपण रंग किती वाचतो ते पाहिले. आता द्रावक किती वाचतो ते पाहू. अर्कातून स्पिरिट उडवून परत मिळवायचे तर उष्णता लागते. १५० मिलिलिटर इथेनॉलची वाफ करण्यास सुमारे १०० किलोज्यूल, तर तेवढ्याच पाण्याला सुमारे ३४० किलोज्यूल उष्णता लागते. आणि हा झाला नुसता वाफेचा खर्च. उकळीपर्यंत तापवण्याचा वेगळा. म्हणजे धुण्यासाठी ओतलेला प्रत्येक जादा मिलिलिटर नंतर जळण मागतो. जळण म्हणजे झरीच्या रानातले लाकूड, किंवा पैसे देऊन आणलेला गॅस.

यावर कारखानदारीने एक सुंदर युक्ती काढली आहे. तिला प्रतिप्रवाह धुणे म्हणतात. कल्पना अशी, की शेवटच्या धुण्याचे पाणी जवळजवळ स्वच्छ असते. मग ते फेकायचे कशाला? ते पुढच्या घाण्याच्या आधीच्या धुण्याला वापरावे. ताजा द्रावक नेहमी सर्वांत धुतलेल्या चोथ्याला भेटतो आणि सर्वांत रंगीत धुवण सर्वांत ताज्या मालाला. मघाच्याच आकड्यांनी पाहा. चोथ्यात ५० मिलिलिटर अडकते आहे आणि दर घाण्याला फक्त १०० मिलिलिटर ताजा द्रावक आहे. एकदाच धुतले तर १/३ रंग राहतो. त्याच १०० चे तीन भाग करून धुतले तर शेकडा सुमारे साडेएकवीस राहतो. पण तीन टप्प्यांच्या प्रतिप्रवाहाने, काही घाणे होऊन क्रम स्थिरावल्यावर, राहतो फक्त १/१५, म्हणजे शेकडा सातहून कमी. गणिताची आवड असलेल्यांनी हा १/१५ कसा आला, ते सोडवून पाहावे. बेरीज-गुणाकारापलीकडे काही लागत नाही.

ही काही दूरदेशीची गोष्ट नाही. विदर्भातले सोयाबीन ज्या सॉल्व्हंट कारखान्यांत जाते, तेथे हेक्झेन नावाच्या द्रावकाने हेच घडते. सोयाबीनचे पापुद्रे एका दिशेने सरकतात, हेक्झेन उलट दिशेने वाहते. नुसत्या दाबाने तेल काढणाऱ्या यंत्राच्या ढेपेत शेकडा सहा-सात तेल मागे राहते, तर या रीतीने ते शेकडा एकच्या आसपास येते. तुमच्या बैलापुढे पडणारी ढेप कोरडी का असते, याचे उत्तर त्या उलट प्रवाहात आहे.

तंत्राने काय फरक पडतो, याचे एक उदाहरण देतो. हिवतापावर औषध शोधताना चीनच्या तू यूयू आणि त्यांचे सहकारी जुन्या ग्रंथांतल्या वनस्पती तपासत होते. एका वनस्पतीचा काढा कधी गुण देई, कधी देत नसे. चौथ्या शतकातल्या गे हाँग यांच्या ग्रंथात ती वनस्पती उकळायची नसून पाण्यात भिजवून पिळायची, असे लिहिलेले होते. त्यावरून उष्णतेने औषधी द्रव्य नष्ट होत असावे, असे तू यूयूंना वाटले. त्यांनी सुमारे ३५ अंशांना उकळणारे ईथर वापरून अर्क काढला आणि १९७१ साली तो प्राण्यांवरील चाचणीत पूर्ण गुणकारी ठरला. त्यातूनच आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ साली तू यूयूंना नोबेल पारितोषिक. वनस्पती तीच होती. बदलली ती काढण्याची रीत.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. झरी जामणीसारख्या तालुक्यातून फुले, पाने, बिया पोत्यांत भरून बाहेर जातात. गोळा करणाऱ्याला वजनावर पैसे मिळतात. त्या पोत्यातून अर्क काढणारा मात्र वजनाचे पैसे घेत नाही. तो आतल्या द्रव्याचे पैसे घेतो. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिची कीर्तीही तिच्यातल्या कुर्क्युमिनमुळे आहे. पोत्यात काय आहे, त्यातले किती निघाले आणि किती राहिले, हे ज्याला मोजता येते त्याच्याकडे भाव ठरवण्याची ताकद येते. पोडावरची मुले शाळेत येऊन हे मोजायला शिकली नाहीत, तर फुले वेचणे आणि तोलणे एवढेच त्यांच्या वाट्याला राहील. गावोगाव अर्काचे कारखाने काढा, असे मी म्हणत नाही. मी मोजण्याविषयी बोलतो आहे. ते आधी यावे लागते.

शिक्षक मित्र म्हणतील, “तास पस्तीस मिनिटांचा, वर्गात साठ मुले, प्रयोगशाळेला कुलूप, तुमचा सल्ला कागदावर ठीक आहे.” अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण वरच्या प्रयोगाला लागते काय? रानातली फुले, जुने फडके, पाणी, एक तराजू आणि चार परीक्षानळ्या. भिजवणे आदल्या दिवशी, धुणे एका तासाला, रंग जुळवणे दुसऱ्या तासाला. मुलांचे सहा-सहांचे गट केले तर साठही जमतात. दुसरा आक्षेप असा येईल, की हे अभ्यासक्रमात नाही. द्रावण, संहती, विसरण, अपूर्णांक, अप्रकट उष्मा, हे सारे अभ्यासक्रमात आहे. फक्त ते वेगवेगळ्या पानांवर आहे आणि चोथ्यात ते एकत्र येते.

माझी मागणी लहान आहे. प्रयोगवहीत ‘निष्कर्ष’ या शब्दाखाली आणखी एक ओळ असावी: ‘काय राहिले?’ आणि प्रदर्शनाच्या गुणपत्रिकेत तिच्यासाठी एक रकाना असावा. उत्तर बरोबर आले म्हणून गुण देतोच; हिशेब पुरा केला म्हणूनही द्यावेत. आत घातलेले, बाहेर आलेले आणि मागे राहिलेले यांचा मेळ बसतो का, हे तपासणे म्हणजेच निम्मे विज्ञान.

येत्या फाल्गुनात पळस फुलेल तेव्हा ओंजळभर फुले वाळवून ठेवा. झाडावरची तोडू नका, खाली पडलेली पुरतात. प्रयोग करा, आकडे लिहा आणि पातळ केलेल्या ‘क’ चा रंग ‘ख’ शी जुळला की नाही, ते आपल्या मासिकाला कळवा. न जुळल्याची पत्रे मी आधी वाचीन.